चौथ्या करवंटीचं गाणं

हा तो खडक. चपला काढायची गरज नाही, हा देव नव्हे. पण त्याच्यावर पाय ठेवून फोटो काढू नका. मागच्या मे महिन्यात एका पाहुण्याने तसा काढला, तेव्हा आमच्या काकीने त्याला असं फैलावर घेतलं की बिचारा माडी न पिताच लटपटत गाडीत जाऊन बसला.

जांभा दगड आहे. एका बाजूला माडांची बाग, दुसऱ्या बाजूला समुद्र. वर बघा, चार वाट्या आहेत. कोणी कोरलेल्या नाहीत, पण नारळाची करवंटी दाबून ठसा उमटवावा इतक्या गोल आहेत. पावसाळा सरला की तीन वाट्यांत पाणी साठून राहतं, पुढे कितीतरी दिवस पाखरं येऊन पितात. चौथीत थेंब राहत नाही. आषाढात आभाळ फाटल्यासारखं कोसळत असलं तरी ही वाटी भरते आणि तुमच्या डोळ्यांदेखत रिकामी होते. गेल्या वर्षी एक इंजिनीअर आले होते, त्यांनी गुडघे टेकून बोट घालून पाहिलं आणि सांगितलं की खाली फट आहे. असेल. फटीबद्दल आमची काही तक्रार नाही. ती केव्हा पडली आणि कोणासाठी, तेवढं आम्ही सांगतो.

तुम्ही गोष्ट ऐकायला आलेले नाही, माडी प्यायला आला आहात, हे मला तुमच्या चेहऱ्यावरून कळतं आहे. हरकत नाही. पण आमच्या या चिरेबाव गावात गाणं म्हटल्याशिवाय माडी मिळत नाही, आणि गोष्ट ऐकल्याशिवाय गाणं म्हणता येत नाही. तेव्हा बसा. सावली आहे.

फार वर्षांपूर्वी, म्हणजे किती ते विचारू नका, या बागेत धाकू नावाचा भंडारी माडी काढत असे. माडी काढणं म्हणजे काय ते आधी नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माडाच्या शेंड्याला पोय येते, म्हणजे तुरा फुटायच्या आधीचा मिटलेला कोंब. ती बांधून तिचं टोक रोज धारेच्या सुरीने तासायचं. मग त्यातून रस ठिबकतो, तो वर टांगलेल्या मडक्यात साठतो. सकाळी चढायचं, दुपारी चढायचं, संध्याकाळी चढायचं. एक वेळ चुकली की पोय सुकते. पायात काथ्याचा फास, कमरेला सुरी, आणि खाली बघायचं नाही.

आमच्याकडे चढणारा माणूस गातो. यात हौसेचा भाग कमी. माडाच्या शेंड्यावरून लोकांची परसं, विहिरी, न्हाणीघरं सगळी दिसतात. तेव्हा मी वर आहे हो, हे बायकांना कळावं म्हणून गाणं. आणि दुसरं कारण असं की वरचा माणूस गातो आहे तोवर तो ठीक आहे, हे खालच्यांना कळतं. आवाज थांबला की खालच्याने वर बघायचं, ही पद्धत धाकूच्याही आधीची.

धाकूचा आवाज असा होता म्हणे की माशांच्या होड्या किनाऱ्याला लावणारे लोक वल्हं हातात धरून उभे राहत. आणि त्याने एक गाणं रचलं. पिण्याचं गाणं. तुम्ही नाक मुरडू नका, भजनं रचणारे गावात आणखी पुष्कळ होते. करवंटीला आम्ही करटी म्हणतो, आणि माडी त्या काळी करटीतच पीत. धाकूचं गाणं असं सुरू होई:

पैली करटी भुंयेक रे, भुंयेन दिल्यान थारो.
दुसरी करटी माडाक रे, माडान दिल्यान वारो.
तिसरी करटी माका रे, माजो गळो खारो.

पहिली जमिनीला, तिने आधार दिला म्हणून. दुसरी माडाला, त्याने वारा दिला म्हणून. तिसरी मला, माझा घसा खारट झाला म्हणून. इथवर सरळ आहे. गंमत पुढे होती. चौथी करटी धाकू कोणालाही देई. खडकावर जो बसला असेल त्याचं नाव घेऊन, त्याची काहीतरी खोडी काढून कडवं जुळवी. कोणाच्या मिशीवर, कोणाच्या सासूवर, कोणाच्या बुडालेल्या जाळ्यावर. ज्याचं नाव येई त्याने करटी रिकामी करायची आणि पुढच्याचं नाव यायची वाट बघायची. पाचवी, सहावी, सातवी. गाण्याला शेवट असा नव्हताच. आपलं नाव गाण्यात यावं असं कोणाला वाटत नाही? माणसं दुपारपासून येऊन बसत. गावचा मुख्य मानकरी विसू गावकर, एरवी कोणाशी हसून न बोलणारा, तोसुद्धा आपल्या पोटावरचं कडवं ऐकायला येई आणि ते आलं की मान खाली घालून खुदूखुदू हसे.

धाकूच्या बायकोचं नाव सगुणा. माडी काढायची पुरुषांनी आणि गाळून वाढायची बायकांनी, अशी भंडाऱ्यांच्या घरची वाटणी. सगुणा या खडकाशी मडकं घेऊन बसे. तिने नवऱ्याला एकदा सांगितलं होतं म्हणे, की या गाण्याला कुठेतरी शेवट कर. धाकू हसला आणि त्याने तिच्यावरच कडवं केलं.

एका संध्याकाळी धाकू नेहमीसारखा चढला. बागेच्या पार टोकाला, त्या बाजूला, जिथून खडक दिसत नाही. चढण्याआधी त्याने घेतली होती. खाली खडकावर मंडळी जमलेली. सगुणा त्या दिवशी घरी होती, पोराला ताप होता म्हणून. धाकूने वरून गाणं सुरू केलं. पहिली झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. चौथी करटी, म्हणाला, आणि थांबला.

आता चौथीपाशी तो नेहमीच थांबत असे, नाव शोधायला. लोकांना वाटलं, शोधतो आहे. थोडा वेळ गेला. मग धाकूचा धाकटा भाऊ जानू, तो खडकावर बसला होता, त्याने हसत हसत चौथं कडवं आपणच जुळवलं आणि मोठ्याने म्हटलं. दुसऱ्याने पाचवं म्हटलं. आज धाकूला नाव सुचत नाही, आपणच त्याला हरवू, असं म्हणून सगळे ताल धरून गाऊ लागले. वरचा आवाज थांबला तर वर बघायचं, ही पद्धत त्या सगळ्यांना बाळपणापासून ठाऊक होती. पण आवाज थांबला आहे हे त्यांना ऐकूच आलं नाही, कारण ते त्याचंच गाणं त्याच्याहून मोठ्याने म्हणत होते.

सगुणाने घरातून गाणं ऐकलं. बराच वेळ ऐकलं. त्यात सगळ्यांचे आवाज होते, फक्त धाकूचा नव्हता. तिने पोराला शेजारणीकडे दिलं आणि ती बागेकडे धावली.

धाकू माडाच्या बुंध्याशी नव्हता. बुंध्यापासून निघालेली वाळूत ओढल्याची खूण होती, ती खडकाच्या दिशेने आली होती. पडल्यावर तो जिवंत होता. कंबर मोडलेली होती, तरी तो हातांनी सरकत गाण्याकडे येत होता. हाका मारत असला पाहिजे. खडकापासून हाक ऐकू यावी इतक्या अंतरावर सगुणाला तो सापडला, आणि तेव्हा उशीर झाला होता. गाणं अजून चालू होतं.

हे सांगताना मी दर वेळी थांबतो. तुम्ही पाणी प्या.

दिवसकार्य आटोपल्यावर गाव या खडकापाशी जमला. विसू गावकर उभा राहिला आणि म्हणाला, "ह्यां गाणां आजपासून बंद. जेच्या तोंडात ह्यां गाणां इलां, तेका ह्या खडकार जागो नाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला विचाराल तर त्यांना हायसं वाटलं असणार. गाण्यावर दोष ठेवला की आपल्या वाट्याला फारसा उरत नाही.

सगुणा मडकं घेऊन आली होती. नवी विधवा, आणि चारचौघांत पुढे आली, याचीच लोकांना आधी चीड आली असं सांगतात. ती म्हणाली, "गाण्यान माजो घोव मारूक नाय, गावकारानू. तुमी आयकूक नाय, म्हणान तो गेलो. गाणां बंद केलास, तर माडावयलो गडी जिवंत आसा काय नाय, ह्यां तुमका कशान कळतलां?"

गाण्याने नवरा मारला नाही, तुम्ही ऐकलं नाही म्हणून तो गेला, असं तिचं म्हणणं. मग तिने खडकाच्या पहिल्या वाटीत माडी ओतली, जमिनीची म्हणून. दुसरीत ओतली, माडाची. तिसरीत ओतली. तिन्ही वाट्या काठोकाठ राहिल्या. मग चौथीत ओतली आणि म्हणाली, "ही तेची. तेका होयी तर तो घेतलो."

आणि वाटी आटली. हळूहळू नव्हे, कोणीतरी ओठ लावून प्यावी तशी. त्याआधी त्या वाटीत पाणी राहत असे, असं सांगतात. बायका हात जोडू लागल्या. विसू गावकर मात्र घट्ट माणूस. तो म्हणाला, "खडकाक फट आसतली."

"फट आसांदे," सगुणा म्हणाली. "तेका पावली." त्याला पोचली, म्हणजे झालं. आणि तिथेच तिने सगळ्यांसमोर नेम घालून दिला. गाणं होईल. पण धाकूने म्हटलं तसं बिनशेवटाचं नव्हे. तिसऱ्या करटीनंतर सगळ्यांनी मिळून वरच्या माणसाला एकच प्रश्न विचारायचा: माडावयल्या गड्या रे, आसंस मां रे? माडावरच्या गड्या, आहेस ना? आणि मग गप्प बसायचं. शिंक नको, खोकला नको, हसू नको. वरून उत्तर आलं तरच करटी उचलायची. नाही आलं तर करट्या टाकून धावायचं. गाव हे शिकेपर्यंत या खडकावर कोणाच्या करटीत थेंब पडणार नाही, असं ती म्हणाली, आणि मडकं डोक्यावर घेऊन चालू लागली.

गावकराचा हुकूम की गाणं म्हणायचं नाही. सगुणाचा नेम की गाण्याशिवाय माडी नाही. लोकांना वाटलं, एकटी बाई किती टिकेल? दुसऱ्या घरून पिऊ. पण दुसऱ्या घरी गेले तर तिथल्या बाईनेही मडक्यावर झाकण ठेवलेलं. तिसऱ्या घरी तेच. प्रत्येक घरचा कोणी ना कोणी माडावर चढत होता, आणि वाळूतली ती खूण सगळ्या बायकांनी पाहिली होती.

मग माडीचं काय केलं? फुकट घालवली नाही, आमच्या बायका तशा नाहीत. त्यांनी ती आटवून गूळ केला. आंबवून शिरका केला. पिठात घालून सांदणं फुगवली, इडलीसारखी, पण इडलीला लाज वाटावी इतकी मऊ. चिरेबावचे पुरुष सकाळी सांदण खात, दुपारी सांदण खात, आणि संध्याकाळी खडकाकडे बघत उसासे टाकत. आजही आमच्या गावात कोणी रुसून बसला की त्याच्या पानात सांदण वाढतात. तो समजतो.

असं किती चाललं ते ज्याचा त्याचा आकडा वेगळा. पण एक दिवस विसू गावकर स्वतः सगुणाच्या दारात येऊन उभा राहिला. तो माफी वगैरे मागायच्या स्वभावाचा नव्हता. अंगणातल्या तुळशीकडे बघत म्हणाला, "तां तुजां गाणां, तां एकदा आयकव तर."

म्हणजे गाव नमला. पण काम तिथे संपलं नाही, तिथे सुरू झालं. तुम्ही कधी पिणाऱ्या माणसांना मध्येच गप्प बसवून पाहिलं आहे का? त्यातून हे गाणं. त्याची चाल अशी आहे की तिसरी ओळ संपली की जीभ आपोआप चौथीवर घसरते. पहिल्या संध्याकाळी सगळे प्रश्नावर थांबले आणि लगेच एकाने सवयीने शेजाऱ्याच्या मिशीवर कडवं म्हणून टाकलं. सगुणाने झाकण घातलं आणि ती घरी गेली. दुसऱ्या संध्याकाळी एकाला हसू आलं. झाकण. मग एकाला उचकी लागली, आणि उचकी काही ठरवून येत नाही असं सगळे तिला समजावू लागले. तिने समजून घेतलं आणि झाकण घातलं. ती रागावत नसे, आवाज चढवत नसे. फक्त उठून जाई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसे. शेवटी पुरुषच एकमेकांना दटावू लागले. आणि एक दिवस प्रश्न विचारून झाला, आणि खडकावर इतकी शांतता पसरली की माडाच्या झापांची, म्हणजे झावळ्यांची, सळसळ ऐकू आली. कित्येकांनी ती तिथे बसून कधी ऐकलीच नव्हती.

पण वरून उत्तर आलं नाही.

वर जानू होता. भावाच्या मागे ते माड त्याच्याकडे आले होते. आणि जानूने त्या दिवसापासून गाणं सोडलं होतं. तोंड मिटून चढे, तोंड मिटून उतरे. सगुणाने त्याला आधी सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला होता, "माजो आवाज भावाच्या आवाजार बसलो, वैनी. तो परत काढूचंय नाय मी."

त्याचं दुःख खरं होतं. चौथं कडवं त्यानेच पहिल्यांदा म्हटलं होतं, ते गावात कोणी बोलून दाखवलं नाही, पण त्याला कोणी बोलायची गरज नव्हती. सगुणाच्या नवऱ्याचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. आता तिला भीती होती ती या मुक्या चढणाऱ्याची. आवाज न करणारा माणूस पडला तर कोणाला कळणार?

उत्तर आलं नाही तसं सगुणा म्हणाली, "धावा."

सगळे बघतच राहिले. त्या दिवशी जानू जवळच्याच माडावर होता, अगदी समोर, पोय तासत बसलेला दिसत होता. एक म्हातारा म्हणाला, "वैनी, जानू थंय दिसता मगे! कित्याक धावूचां?"

"आज दिसता," ती म्हणाली. "दिसूचो नाय त्या दिसाक पायांक सवय होयी. धावा."

आणि ती स्वतः धावली. तिच्यामागे, लाजत, कुरकुरत, सगळा गाव. माडाखाली जमून त्यांनी वर बघितलं, जानूने खाली बघितलं. गडी आहे हे डोळ्यांनी पाहिलं, तेच सगुणाने उत्तर धरलं. मग परत आले आणि माडी प्याले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रोज संध्याकाळी गाणं, प्रश्न, शांतता, आणि मग पोट सुटलेले, गुडघे दुखणारे, अर्धे म्हातारे पुरुष धोतरं सावरत वाळूतून पळत. शेजारच्या गावची माणसं बघायला येऊ लागली. एकदा विसू गावकर ठेच लागून पडला, उठला आणि पुन्हा पळाला. जानूला ते वरून दिसत होतं. आपल्यासाठी, भावाच्या मरणात आपण सामील असताना, हा गाव रोज पळतो आहे, याची त्याला आधी लाज वाटली, मग राग आला, आणि मग काय वाटलं ते त्याचं त्याला माहीत.

सगुणाने एकदा त्याला जेवायला वाढताना म्हटलं, "भावजीनू, गाणां म्हणा नको. आसास काय नाय, तितक्यांच सांगा."

तो मान खाली घालून जेवत राहिला. पण पुढच्या संध्याकाळी प्रश्न विचारून झाला, शांतता झाली, सगळ्यांनी पळायला धोतरं आवरली, आणि वरून, घसा बसलेला, कधीचा न वापरलेला आवाज आला:

"आसंय!"

आहे. बस, एवढंच. ते आमच्या गाण्याचं चौथं कडवं. धाकूने रचलेली शेकडो कडवी गेली, हे एका शब्दाचं राहिलं. खाली माणसं रडली असं सांगतात. मला ते खरं वाटतं.

गोष्ट इथे संपली असती तरी चाललं असतं. पण पुढच्या वैशाखात ती वेळ आलीच. जानू त्या दिवशी प्यालेला नव्हता. बागेच्या टोकाच्या माडावर होता, जिथून खडक दिसत नाही, जवळजवळ भाऊ पडला तिथेच. मंडळी बसली होती, थट्टा चालली होती. गाणं झालं. माडावयल्या गड्या रे, आसंस मां रे? आणि गप्प.

झापांची सळसळ. लाट. आणखी एक लाट.

"फुगलो आसतलो परत," असं कोणीतरी पुटपुटलं. म्हणजे पुन्हा रुसला असेल. पण ते वाक्य पुरं होईतो पाय निघालेही होते. सवय डोक्यात नव्हती, पायांत होती, सगुणाने ती तिथेच घातली होती. सर्वांत पुढे विसू गावकर.

जानू वर झापांत अडकलेला होता. गांधीलमाश्यांच्या पोळ्याला धक्का लागला होता. तोंड, मान, घसा सुजून श्वास कोंडत होता, आवाज फुटत नव्हता. एका हाताने झाप धरलेली, तीही सुटत चाललेली. दोघे चढले, त्यांनी पागोटं सोडून त्याला एकाच्या पाठीला बांधलं आणि खाली आणलं. खाली उरलेले गोल करून, झेलायला एकमेकांचे हात धरून उभे होते, आणि त्यांतल्या विसू गावकराचं धोतर वाटेत कुठेतरी राहिलं होतं. ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही. आता मात्र दर वर्षी आम्ही न चुकता आठवण काढतो.

जानू जगला. शुद्धीवर आला तेव्हा त्याला पहिल्यांदा सगुणा दिसली. ओठ सुजलेले, शब्द निघत नव्हता. तिनेच विचारलं, "आसास मां, भावजीनू?" त्याने मान हलवली. ती उठली, मडकं घेतलं, खडकापाशी गेली आणि चौथ्या वाटीत एक करटी ओतली. वाटीने ती घेतली. जानू पुढे पुष्कळ जगला. त्याच्याच वंशातला मी.

तुम्ही विचाराल, एवढं जुनं गाणं, तीन ओळी, एक प्रश्न, एक शब्द, त्यात लोकांना इतकं काय सापडतं? मलाही तरुणपणी हा प्रश्न पडायचा. आमच्या गावच्याच एका हुशार पोराने त्या गाण्याला मोठा ठेका लावला, आणि ती गप्प जागा रिकामी वाटते म्हणून तिथे ढोल भरले. लग्नात लावलं. सगळे बेभान नाचत होते. प्रश्न आला, आणि ढोल वाजत असताना नाचणारे सगळेच्या सगळे थांबले. नवरदेवसुद्धा. माना वर करून उभे राहिले, मांडवाच्या कापडाकडे बघत. गाणं पुढे निघून गेलं, माणसं मागेच राहिली. त्या पोराने ढोल काढून टाकले. मुंबईला आमची माणसं एका खोलीत जमतात तेव्हा म्हणतात, आणि त्या दिवशी जो आलेला नसतो त्याला फोन लावतात. बोटीवर नोकरी करणारा आमचा एक जण दर शनिवारी गावच्या ग्रुपवर एक शब्द टाकतो. कोणता ते आता तुम्हाला ठाऊक आहे. नाही टाकला तर त्याच्या आईला झोप लागत नाही.

माझ्या हयातीत दोनदा उत्तर आलं नाही. एकदा वरचा पठ्ठ्या माडावर बसून मोबाइलवर बोलत होता. अख्खा गाव धावत गेला, आणि त्याने पुढचा आठवडाभर सांदणं खाल्ली. दुसऱ्यांदा माझा चुलतभाऊ होता, वर चक्कर येऊन झापांत पडलेला. तो आज आहे. मघाशी तुमची गाडी लावून घेतली तो.

आजही तिन्ही सांजांच्या आधी या खडकावर माडी येते. आजही ती सगुणाच्या घरची सून वाढते, म्हणजे आमची काकी, जिला तुम्ही घाबरून आहात. आजही तीन वाट्या भरलेल्या राहतात आणि चौथी तिचं तिचं घेते. तुमच्या करट्या आल्या. थांबा, अजून तोंडाला लावू नका. ओळी मी म्हणतो तशा मागून म्हणा, चूक झाली तरी चालेल, आवाज कसाही लागला तरी चालेल. प्रश्न मात्र जोरात विचारा, बागेच्या पार टोकापर्यंत जायला हवा. आणि मग गप्प बसा. कॅमेरा खाली ठेवा, कुजबुज नको, श्वाससुद्धा हळू घ्या. नीट ऐका.

वर माझा मुलगा गुरुनाथ आहे.